गावात कोणीच आजारी नाही

निवड करायला निघालेल्या माणसांचा थाट मी एका हिवाळ्यात जीपच्या मागच्या बाकावर बसून पुरेपूर पाहिला. जीप गावात शिरली की सरपंच फेटा सावरत पुढे यायचे. एरवी ज्या दवाखान्यात कंपाउंडरसुद्धा वेळेवर सापडत नसे, तिथे पानसुपारीचं तबक घेऊन चारचार माणसं दारात उभी असायची. आम्ही तिघं होतो: नागपूरचे एक मोठे डॉक्टर, पुण्याहून आलेले एक आकडेतज्ज्ञ आणि मी. मी अमरावतीला हेल्थ व्हिजिटर होते, म्हणजे घरोघर फिरून बाळंतिणी, तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं बघणारी. लोक सरळ नर्सबाई म्हणत.

जिल्हा परिषदा नुकत्याच आल्या होत्या आणि सगळ्या सरकारी कामांना नवा रंग दिल्यासारखं वाटायचं, त्या दिवसांतली ही गोष्ट. अभ्यास होता जुनाट आजारांचा. पटकी-देवीसारखे येऊन झडप घालून जाणारे आजार नव्हेत. घरजावयासारखे ठाण मांडून बसणारे. रक्तदाब, अंगावरची सूज, मुतखडा, मूत्रपिंडाची दुखणी. हे आजार होण्याआधी किंवा वाढण्याआधी थोपवता येतात का, आणि थोपवायचं काम कुठल्या तऱ्हेच्या संस्थेला जमतं, हे पाहायचं होतं. त्यासाठी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून लोकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या मोजक्या संस्था निवडायच्या. नगरपालिकेचे दवाखाने होते, आरोग्य केंद्रं होती, ट्रस्टचे दवाखाने होते, आणि यादीच्या अगदी तळाशी एक महिला मंडळ होतं. ते मी घातलं होतं.

निवड झाली तर त्या संस्थेला पुढची काही वर्षं नर्स मिळणार, डॉक्टरची फेरी मिळणार, रक्तदाबाचं यंत्र आणि औषधं मिळणार. निवड नाही झाली तर आमचा रामराम आणि चहाबद्दल आभार.

मला बरोबर घेतलं होतं, कारण बायकांशी बोलायला कोणीतरी हवं होतं आणि मला वऱ्हाडी येत होती. येणारच. माझे वडील अकोल्याच्या कापूस जिनिंगमध्ये कामाला होते. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते, आणि त्याच वर्षी वडिलांनी ठरवून टाकलं की ही पोरगी पांढरे कपडे घालून नोकरी करील. आई म्हणायची, इच्या रागाले पांढरा कपडा काय करन? आई चुकीची नव्हती. रोगी माझ्यावर खूश असत आणि साहेब लोक वैतागत. मी दोन्हीची सवय करून घेतली होती.

पुण्याचे आकडेवाले स्वभावानं अगदी गरीब, पण वऱ्हाडी बोलणं त्यांना भांडणच वाटायचं. अचलपूरला एका हॉटेलवाल्यानं "काय पायजे थे बोला ना बाप्पा लवकर," म्हटलं, तर ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे आपल्यावर चिडलेत का?" मी म्हटलं, "नाही, हे लाडात आलेत." त्यांनी चहा अर्धाच घेतला.

त्यांचा एक नियम होता. जिथे रोगी जास्त, तिथे काम जास्त. या नियमावरून मी त्यांच्याशी रोज भांडत असे. मी म्हणायची, ज्यांचं कामच आजार थोपवायचं, त्यांच्याकडे गर्दी असेलच कशी? तेव्हा डॉक्टर मध्ये पडायचे. डॉक्टर कमी बोलणारे, कडक इस्त्रीचे, पण नेमक्या जागी बोट ठेवणारे. ते म्हणायचे, "बाई, थोपवलं म्हणता ते कोणाचं? तो माणूस माझ्यासमोर आणा. त्याला मोजल्याशिवाय मी काहीच म्हणू शकत नाही." हे ऐकलं की माझं पित्त आणखी खवळायचं.

डॉक्टरही एका गोष्टीनं वैतागले होते. आम्ही येणार हे आधी कळलेलं असल्यामुळे जिकडेतिकडे रोगी गोळा करून बसवलेले. एका ठिकाणी तर कबड्डी खेळणारा धडधाकट माणूस पोटाला पट्टा बांधून बाकावर कण्हत होता. डॉक्टरांनी त्याला खोकायला सांगितलं तर तो हसायला लागला. "बोलावून बसवलेला रोगी मी मोजणार नाही," असं त्यांनी त्या दिवशी जाहीर करून टाकलं. मला ते पटलं होतं. पुढे याच वाक्यानं माझी पंचाईत होईल हे मला काय माहीत.

माझं महिला मंडळ होतं खारपाण पट्ट्यात, दर्यापूरच्याही पुढे. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. जमीन काळीभोर, कापूस असा की दृष्ट लागावी. विहिरीही आहेत, त्यांना पाणीही आहे, पण तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पिऊन माणसं चाळिशीतच सुजायला लागतात. गावोगावचे लोक हे सगळं नशिबावर घालून मोकळे झाले होते.

या एका गावात मात्र एक बाई मोकळी झाली नव्हती. तिला सगळं गाव जिजी म्हणे. आमच्याच समाजातली, विधवा, मजुरीला जाणारी. तिचा नवरा सुजून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात होता तेव्हा तिथल्या कोणा डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, याला मीठ बंद करा आणि तुमच्या गावचं पाणी बंद करा. नवरा वाचला नाही. ती गावी परतली ती हे दोन हुकूम पदराला बांधून. गावातल्या प्रत्येक सुजलेल्या माणसाच्या घरी जाऊन तिनं चुलीपुढे बसून मीठ बंद केलं. पाण्याचं अवघड होतं. गोड्या पाण्याची विहीर एकच, गावाबाहेर एका कुणबी घराच्या शेतात, आणि तिथे आमच्या लोकांनी पोहरा टाकायचा नाही हा जुना शिरस्ता. जिजी त्या घरच्या मालकीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, "तुमच्या सासऱ्यायचे पाय सुजले ना वो? माया नवऱ्याचे असेच होते." मालकीणबाई चमकल्या. त्या दिवसापासून दोघींचं मंडळ सुरू झालं आणि विहीर खुली झाली. गावात ठरलं की पहाटे विहिरीवरचे पहिले घडे आजाऱ्यांच्या घरचे. घर कोणाचंही असो. ज्याच्या त्याच्या वस्तीतल्या बाया ते घडे नेत, आणि ते पोचल्यावरच बाकीच्यांनी आपले भरायचे.

दिवाळीच्या सुमाराला मी हे स्वतः पाहिलं होतं. रोग्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्याशी बोलले होते. त्यातला एक म्हातारा मोठा मिश्कील. मला म्हणाला, "बाई, बिनमिठाची भाजी खाऊन मी आता असा झालो का मले डास बी चावत नाई." मी त्याच दिवशी ठरवलं की काही झालं तरी हे मंडळ निवडलं गेलं पाहिजे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून, माझ्या मते, आजार थोपवण्याचं खरं काम इथेच चाललं होतं, आणि त्यांच्याजवळ साधी मोजपट्टीसुद्धा नव्हती.

तर आम्ही त्या गावी पोचलो. सकाळ होती. गाव असं लखलखीत की मला आधी वाटलं आपण चुकून दुसरीकडे आलो. रस्त्यांवर सडा, दारोदार रांगोळ्या, विहाराच्या पायऱ्या धुतलेल्या. मंडळाच्या बाया धुवट लुगडी नेसून ओळीनं उभ्या. जिजी पुढे, तिच्या शेजारी मालकीणबाई. डॉक्टरांनी टोपी काढून नमस्कार केला. त्यांना गाव आवडलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं आणि मी आतून फुलले.

"तुमच्याकडे सूज असलेले किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नाई जी," जिजी म्हणाली.

"मुतखड्याचे?"

"नाई."

"बरेच दिवस आजारी असलेलं कोणी?"

"आमच्या गावात कोनीच बिमार नाई, डाक्टरसायेब." आणि मागे उभ्या असलेल्या साऱ्या बायांनी एकदम माना हलवल्या.

मला वाटलं माझ्या कानात काहीतरी झालंय. मी म्हटलं, "जिजी, अहो तो बुढा? ओट्यावर बसणारा?"

"कोनता बुढा?" असं म्हणून तिनं पदराआडून माझा हात असा काही दाबला की जणू मी तिच्या कटात सामील आहे.

मी तरातरा निघाले. घराघरांत शिरले. जिथे दिवाळीला खाटेवर माणसं होती तिथे आता खाटासुद्धा नव्हत्या. अंथरुणं गुंडाळून माळ्यावर टाकलेली, जमिनी सारवलेल्या. म्हाताऱ्याच्या ओट्यावर मोठी कमळाची रांगोळी. मी घामाघूम होऊन परत आले तेव्हा आकडेवाले आपल्या कागदावर शून्य लिहीत होते. डॉक्टरांनी मंडळाच्या नावावर काट मारली. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "बाई, तुम्ही पाहिलं असेल. पण मला कोणी दाखवलं नाही."

आणि इकडे बाया आनंदात! आम्हाला हार घातले. तिळाचे लाडू हातावर ठेवले. मालकीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "झालं ना वो बाई? पास ना आमी?"

माझा संताप इतका होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "पास? काट मारली तुमच्या नावावर! आजारी माणसंच पाहायला आले होते ते! ज्यांच्यासाठी तुम्ही एवढं करता तीच माणसं पाहायची होती त्यांना!"

लाडवांची परात धरलेली एक पोरसवदा बाई तशीच उभी राहिली. जिजीचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ती रडली नाही. म्हणाली, "आमाले वाटलं, चांगलं गाव निवडून रायले. पोरगी पाहाले पाव्हने आले, त त्या दिवशी पोरीनं खोकलू नाई, असंच ना? म्हनून आमी सारे बिमार बैलबंड्यायमंदी बसवून सकाऊनच बाजाराले धाडले. दिस बुडेपर्यंत येऊ नोका म्हनून सांगतलं."

मग ती डॉक्टरांकडे गेली. हात जोडले नाहीत, सरळ उभी राहून म्हणाली, "घंटाभर थांबा जी. बोलावून आनतो त्यायले."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, हे मी मान्य करते. पण ते म्हणाले, "माझी अडचण समजून घ्या, बाई. बोलावून आणलेले रोगी मी कोणाकडेच मोजले नाहीत. तुमच्याकडे मोजले तर तो अन्याय होईल." आणि आम्ही जीपमध्ये बसलो. हार माझ्या गळ्यात तसाच होता. मी तो काढून मांडीवर ठेवला आणि वाटभर कोणाशीही बोलले नाही.

दुपारचा मुक्काम होता एका बाजारगावी, तिथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात. त्या दिवशी आठवड्याचा बाजार. दवाखाना मोठा टोलेजंग, दर्शनी भिंतीवर दानशूर मंडळींच्या नावाची पाटी, आणि व्हरांड्यात बाकांवर रोग्यांची ही गर्दी. ट्रस्टचे सेक्रेटरी दोन्ही हात पसरून पुढे आले. "या, या! आज जरा कमीच आहेत रोगी, बाजार आहे ना!" आकडेवाल्यांचा चेहरा खुलला. ते लगेच मोजायला लागले.

मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थबकले. तिथे माझा म्हातारा बसला होता. त्याच्या शेजारी दिवाळीला पाहिलेल्या दोन बुढ्या, पलीकडे मालकीणबाईंचे सासरे, आणि दोन्ही वस्त्यांतली ती सारी सुजलेल्या पायांची माणसं. बाजारात फिरणार कुठे बिचारी? ट्रस्टची माणसं बाजारात हिंडून फुकट तपासणी, फुकट फराळ म्हणून पुकारत होती, आणि जो कोणी लंगडताना दिसे त्याला आणून बसवत होती. हे आपले आयते सावलीत येऊन बसले. मला पाहताच म्हाताऱ्यानं उपरणं नाकापर्यंत ओढून घेतलं. त्यानं जिजीला शब्द दिलेला असणार.

ओरडून सांगावं असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी सांगितलं असतं तर डॉक्टर काय म्हणाले असते ते मला पाठ झालं होतं. मीच बोलायला शिकवलेली माणसं म्हणून तीही बाद झाली असती. तेव्हा मी मूग गिळून उभी राहिले. ज्यांनी मला ओळखलं आहे त्यांना विचारा, हे माझ्यासाठी किती कठीण होतं.

तेवढ्यात मठ्ठा आला. पितळी पिंपातला गार मठ्ठा, जिरं-मीठ घातलेला, वर कोथिंबीर. ट्रस्टचा माणूस बाकाबाकावरून पेले देत चालला. लोक घटाघट पीत होते. शेवटच्या बाकाशी तो थांबला. पहिल्यानं पेला नाकाजवळ नेला, वास घेतला, परत दिला. दुसरीनं हातच पुढे केला नाही. तिसऱ्यानं मान फिरवली. सबंध बाकावर एकानंही मठ्ठा घेतला नाही. उलट त्यातल्या एका बुढीनं खांद्यावरच्या झोळीतून फडक्यात बांधलेली लोटी काढली, दोन घोट पाणी प्यायली आणि शेजारणीकडे दिली. मग पाहते तो प्रत्येकाजवळ स्वतःची लोटी.

डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते तसेच चालत त्या बाकापाशी गेले. "आजीबाई, मठ्ठा का नको?"

बुढीनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं आढ्याकडे पाहिलं. अखेर ती म्हणाली, "आमाले मीठ बंद हाय जी."

"सगळ्यांना?"

"साऱ्यायले."

"आणि ही लोटी कसली?"

"गोड पानी. खारं पानी बी बंद हाय."

डॉक्टरांनी खाली वाकून एकाचे पाय पाहिले, मग दुसऱ्याचे. सूज होती, पण जुनी, ओसरत आलेली, सुरकुत्या पडलेली. "हे पथ्य कोणी लावून दिलं तुम्हाला?"

सेक्रेटरी लगबगीनं पुढे आले. "आमच्याच दवाखान्याची शिस्त आहे साहेब! आमचे रोगी पथ्याच्या बाबतीत फार कडक."

"अस्सं," डॉक्टर म्हणाले. "मग मठ्ठ्यात मीठ कोणी टाकलं?"

आकडेवाल्यांनी मोजणं थांबवलं. सेक्रेटरी पिंपाकडे बघायला लागले, जणू त्या पिंपानंच त्यांना दगा दिला. आणि तिकडे माझ्या म्हाताऱ्याला काही हे सहन होईना. जिजीचं श्रेय दुसराच घेतोय म्हटल्यावर त्यानं उपरणं बाजूला केलं आणि उठून उभा राहिला. "झूट बोलून रायला हा! आमी याचे कोनी नाई. आमचं मीठ जिजीनं बंद केलं. आमाले पानी आमच्या बाया देतेत. आमी त फक्त अठी सावलीले बसलो होतो!"

"कोण जिजी?" डॉक्टरांनी विचारलं, पण विचारताना ते माझ्याकडे पाहत होते. माझा चेहरा बहुतेक पिकलेल्या मिरचीसारखा झाला असावा. ते म्हणाले, "बोला आता, बाई. किती वेळ दम धरणार?"

मी बोलले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण सगळा व्हरांडा ऐकत होता, आणि आकडेवाले पुढे म्हणाले की त्यांना माझं वऱ्हाडी बोलणं त्या दिवशी पहिल्यांदा भांडणासारखं वाटलं नाही. डॉक्टरांनी तो सबंध बाक स्वतः तपासला. उठताना म्हणाले, "यांना मंडळानं बोलावून आणलेलं नाही. उलट लपवलेलं आहे. असे रोगी मी जरूर मोजीन." त्यांनी खिशातून पेन काढून त्या मंडळाच्या नावावरची काट रद्द केली. मी आनंदानं वेडी झाले. त्या बुढीला मी मिठी मारली आणि तिची लोटी माझ्या पांढऱ्या साडीवर सांडली.

डॉक्टर म्हणाले, हे कळवायला आपणच जाऊ. ज्यांना चालवत नव्हतं ते जीपमध्ये बसले, बाकीच्यांच्या बैलबंड्या मागून. म्हातारा डॉक्टरांच्या शेजारी ऐटीत बसला होता आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला रामराम घालत होता. ऊन कलतं झालं होतं. गावच्या वेशीपाशी बायांनी जीप पाहिली, आत कोण बसलंय ते पाहिलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली. आता चोरी पकडली, असंच त्यांना वाटलं.

जिजी म्हाताऱ्यावर धावलीच. "काहून गा बुढ्या! तुले सांगतलं होतं ना, तोंड उघडू नोको म्हनून!"

"म्या कायले उघडतो?" म्हातारा म्हणाला. "त्या मठ्ठ्यानं सांगतलं सारं."

डॉक्टर विहाराच्या अंगणात उभे राहिले आणि म्हणाले की या मंडळाची निवड झाली आहे. सगळ्यांत आधी निवड झालेली संस्था हीच. बायांना पहिल्यांदा कळेचना. मालकीणबाईंनी विचारलं, "अन् थे काट?" मी म्हटलं, "काट गेली!" तेव्हा जो गलका उठला, तो मी काय सांगू. कोणी ढोलकी आणली, कोणी सकाळचे उरलेले लाडू वाटायला लागलं. पुण्याच्या आकडेवाल्यांना दोन पोरी हात धरून फुगडीला ओढत होत्या आणि ते मला विचारत होते, "हे चिडलेत का?" या वेळी ते गमतीनं विचारत होते.

जिजी मात्र गलक्यात नव्हती. ती डॉक्टरांपुढे आली. "मंग आता बिमार मानूस लपवाचा नाई? दाखवाचा?"

"दाखवायचा. तेच तर आमचं काम."

"दाखवला म्हनून मंडळाले काट नाई बसनार?"

"नाही."

ती पायरीवर बसली. सगळ्या गावासमोर तिनं लुगड्याचा काठ घोट्यांच्या वर घेतला आणि पाय पुढे केले. टम्म फुगलेले होते. वहाणेच्या पट्ट्याचे खोल वळ उठलेले.

"मंग पयले माये पाय लेहा," ती म्हणाली.

ढोलकी थांबली. मालकीणबाई खाली बसल्या. "कवापासून वो? बोलली नाईस?" जिजी म्हणाली, "कशी बोलू? मंडळवालीच सुजली म्हटल्यावर लोक मीठ सोडतेत का?" आणि स्वतःसाठी भरलेला गोड्या पाण्याचा घडा ती आजवर दुसऱ्या घरी देऊन स्वतः खारंच पीत आली होती, हेही तेव्हाच निघालं. नागपूरच्या त्या कडक इस्त्रीच्या डॉक्टरांनी धुळीत बसकण मारली, तिच्या पायावर अंगठा दाबला, खळगा किती वेळ राहतो ते पाहिलं. मग म्हणाले, "वेळ गेलेली नाही. ही आपली पहिली रोगी. आणि हिला मी हातची जाऊ देणार नाही." नाहीच जाऊ दिली. अभ्यास संपला, डॉक्टर बदलून गेले, माझी नोकरी अकोल्याला गेली, तरी ती मंडळ चालवतच होती.

त्या रात्री मी गावातच राहिले, सकाळपासून सगळ्यांचे रक्तदाब घ्यायचे म्हणून. पहाटे जिजीच्या अंगणात तोंड धूत होते, तर विहिरीकडून बायांची ओळ येताना दिसली. सगळ्यांत पुढे मालकीणबाई. आजवर त्यांनी विहीर दिली होती, पण आमच्या वस्तीत घडा घेऊन त्या कधी आल्या नव्हत्या. त्या घरची कुठलीच बाई आली नव्हती. दारादारांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. त्या तशाच चालत जिजीच्या दाराशी आल्या, भरला घडा डोक्यावर, पदर ओला झालेला. जिजी उंबऱ्यात खिळून उभी राहिली.

"पाहून काय रायली?" मालकीणबाई खेकसल्या. "उतरव ना वो घडा. मान मोडली माही!"